डब्यातल्या डाळींचं पोटभरीचं सूप : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पावसाळा लागला की दरवर्षी सूपचे प्रश्न यायला लागतात. या वेळी बहुतेकांचं म्हणणं एकच, की भाजी आणायला बाहेर पडायचं नाही, पाकिटातलं सूप नको, घरातल्या डब्यात जे आहे त्यातून रात्रीचं जेवण उरकेल असं काहीतरी सांगा. होतं की! फक्त त्याला पातळ आमटीसारखं वागवायचं नाही, एवढंच.

प्रश्न : घरात मसूर डाळ, मूग डाळ, कांदा-लसूण आणि टोमॅटो प्युरीचं एक पाकीट आहे. चार माणसांचं सूप होईल का? मापं सांगाल का? (ठाणे)

होईल आणि भरपूर होईल. आमटीची वाटी घ्या, साधारण १५० मिलीची. पाऊण वाटी मसूर डाळ, पाव वाटी मूग डाळ आणि दोन मोठे चमचे दलिया, धुवून तीन वाट्या पाणी आणि हळद-हिंग घालून कुकरला तीन शिट्ट्या. डाळ फेसाळते म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका आणि चमचाभर तेल सोडा, नाहीतर शिट्टीतून पिवळं पाणी गॅसभर होतं आणि ते पुसण्यात तुमची संध्याकाळ जाते. तोवर कढईत दोन मोठे चमचे तेल, जिरं, ठेचलेल्या सात-आठ लसूण पाकळ्या, एक मोठा कांदा बारीक चिरून. कांदा लालसर होईपर्यंत थांबायचं, नुसता पारदर्शक नाही. मग अर्धी वाटी प्युरी घालून कडेला तेल सुटेपर्यंत परता, मग लाल तिखट, धणेपूड, आणि मग शिजलेली डाळ रवीने अर्धवट घोटून त्यात. पूर्ण गुळगुळीत करू नका, थोडे दाणे राहू देत. वरून चार-पाच वाट्या गरम पाणी आणि दीड छोटा चमचा मीठ (नंतर चव घेऊन वाढवा), मंद आचेवर दहा मिनिटं उकळी. वाढताना लिंबू. ज्यांच्याकडे दलिया नाही त्यांनी तांदळाच्या कण्या घाला, तेही चालतं.

प्रश्न : आमच्याकडे सूप केलं की तासाभरात सगळे फ्रिज उघडून उभे. नवरा म्हणतो सूप म्हणजे जेवण नव्हेच. (नाशिक)

तुमच्या नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे, कारण आपण ज्याला सूप म्हणून ओळखतो ते बरेचदा कॉर्नफ्लॉवरने दाट केलेलं गरम पाणी असतं. दिसायला जाड, आत काही नाही. वरच्या मापात वाटीभर डाळ म्हणजे साधारण १२५ ग्रॅम, त्यात ३० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, म्हणजे माणशी सात-आठ ग्रॅम, शिवाय फायबर. दाटपणा डाळीतून येऊ द्या, कॉर्नफ्लॉवरमधून नाही. दुसरं म्हणजे तेला-तुपाची कंजुषी करू नका आणि तिसरं, चावायला काहीतरी पाहिजे. नुसतं पिऊन संपणाऱ्या गोष्टीने पोट भरल्यासारखं वाटतच नाही.

आणि यासाठी आपल्याला कुठे लांब जायची गरज नाही. चकोल्या करा ना! कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ घालून घट्ट भिजवायची, पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि उकळत्या डाळीत एकेक सोडायचे, सगळे एकदम टाकले तर गोळा होतो. आठ-दहा मिनिटांत शिजतात. नगर-जुन्नरकडच्यांना शेंगोळी माहितीच आहेत, कुळथाच्या पिठात लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण घालून, हातावर वळून, तिखट पाण्यात उकळलेली. ते खाऊन तासाभरात फ्रिज उघडणारा माणूस मी अजून बघायचीय.

प्रश्न : राजमा आणि छोले रात्रभर भिजवते, सात-आठ शिट्ट्या करते तरी टचटचीत राहतात. सूपमध्ये वरचं पाणी पातळ आणि खाली दाणे. काय चुकतंय? (पुणे, सोसायटीला बोअरचं पाणी)

तुम्ही कंसात जे लिहिलंय तेच पहिलं उत्तर आहे. बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त, आणि हे दोन्ही दाण्याच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतात. मग शिट्ट्या किती का होईनात. भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं, आरओचं पाणी वापरून बघा, त्याच राजम्यात फरक दिसेल.

दुसरं कारण, धान्य जुनं. कडधान्य खराब होत नाही म्हणून आपण दोन-दोन वर्षं ठेवतो, आणि ठेवतो कुठे तर गॅसच्या वरच्या कपाटात, जिथे उष्णता आणि वाफ दोन्ही. उष्ण-दमट जागी राहिलेलं कडधान्य शिजायला हट्टी होतं. डबा खालच्या कोरड्या कप्प्यात हलवा, आणि नवीन आणलं की जुन्यावर ओतू नका, आधी जुनं संपवा. काही दाणे तर मुळात गणंगच असतात, ते भिजून फुगतच नाहीत. सकाळी पाणी काढताना परातीत पसरून बघा, फुगलेल्या दाण्यांत ते लहान आणि चकचकीत असे लगेच उठून दिसतात. वेचून टाका.

तिसरं, आंबट. टोमॅटो, चिंच, आमसूल, यातलं काहीही दाणा शिजायच्या आधी घातलं की तो मऊ होणं जवळजवळ थांबतं. दाणा दोन बोटांत दाबला की आतून पिठूळ लागला पाहिजे, मधे कचकच नको, मगच आंबटाला आत घ्या. मिठाचं मात्र उलटं आहे, आपल्याला लहानपणापासून सांगितलंय की मीठ आधी घातलं तर शिजत नाही, पण भिजवण्याच्या पाण्यात लिटरला एक मोठा चमचा मीठ घातलंत तर साल मऊ होते आणि कमी फुटते. सकाळी ते पाणी ओतून द्या, धुवा आणि साध्या पाण्यात शिजवा.

एवढं करूनही नाही जमलं तर खायचा सोडा, पण वाटीभर कोरड्या धान्याला चिमूटभरच. जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि बी-१ जीवनसत्त्वही जातं. आणि भिजवायचं विसरलात तर? पाण्यात घालून दोन मिनिटं खळखळून उकळा, गॅस बंद, झाकण ठेवून तासभर विसरा. रात्रभराची सर येत नाही पण काम होतं.

राजम्याबद्दल एक गोष्ट मात्र ठासून सांगते. कच्च्या राजम्यात एक लेक्टिन असतं ज्याने उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं तरी खळखळून उकळलाच पाहिजे, मी तर अर्धा तास म्हणेन. कुकरमध्ये नीट शिजवला तर प्रश्न येत नाही. पण हल्ली ते स्लो कुकर घेतात ना, त्यात लो सेटिंगवर पाणी तेवढं तापत नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट. तेव्हा आधी गॅसवर उकळा, मग काय ते स्लो.

आणि पाणी पातळ, खाली दाणे याला उपाय सोपा आहे : पळीभर शिजलेले दाणे त्याच पाण्यात वाटून परत घाला.

प्रश्न : सगळं घालूनही सूप पाणचट लागतं. मग मी मसाला वाढवते, मग नुसतं तिखट होतं. (कोल्हापूर)

कोल्हापूरहून हा प्रश्न यावा म्हणजे कमाल झाली! पण बरं झालं विचारलंत, कारण निम्म्या पत्रांत हेच आहे. तिखट वाढवत बसू नका. पाणचट लागलं की या क्रमाने बघा. आधी मीठ, कारण डाळ मीठ खूप ओढते आणि पाणी वाढवलं की आपण मीठ वाढवायला विसरतो. एका वाटीत थोडं सूप काढून त्यात चिमूटभर मीठ घाला, चव उघडली तर उत्तर मिळालं, सगळ्या पातेल्यावर प्रयोग नको. मग आंबट : लिंबू, दोन आमसुलं, नाहीतर चमचाभर ताक. आंबटाने चव जागी होते, पण ते शेवटी, गॅस बंद करताना. मग गुळाचा एक खडा, जो लागता कामा नये, फक्त प्युरीची धार मोडली पाहिजे.

इतकं करून पण पोकळ वाटत असेल तर भाजणी कमी पडलीय. प्युरी कच्ची राहिली की ती शेवटपर्यंत कच्ची लागते. तुमच्याकडे तर सुकं खोबरं घरात असणारच, ते गॅसवर थेट काळसर डाग पडेपर्यंत भाजा, चमचाभर तीळ भाजा, भाजलेल्या कांद्याबरोबर वाटा आणि एवढंसं वाटण सूपमध्ये घाला, चार माणसांना एक मोठा चमचा बास. दाण्याचं कूटही चालेल. ज्यांना विलायती चव हवी त्यांनी मूठभर सुके मशरूम गरम पाण्यात भिजवून ते पाणीसुद्धा गाळून घालावं, किंवा अर्धा चमचा सोया सॉस, पण मग मीठ बेताने.

आणि वरून फोडणी. तूप, जिरं, लसणाचे काप, पाव चमचा तिखट, फोडणी चरचरतानाच सूपवर. सुरुवातीची फोडणी डाळीत मुरून जाते, नाकाला लागते ती ही.

प्रश्न : आमच्याकडे कांदा-लसूण, बटाटा, गाजर काहीच चालत नाही, पर्युषणात हिरवी भाजीही नाही. मग सूपमध्ये उरलं काय? (सांगली)

डाळी उरल्या, आणि सूप त्यांचंच आहे. आमच्याकडे कांदेनवमीला कांदाभज्यांवर ताव मारून मग चातुर्मास पाळणारे बरेच, त्यांनाही हेच लागू. मूग डाळ आधी कोरडी, खमंग वास येईपर्यंत भाजा, कांद्याची उणीव निम्मी इथेच भरते. तुपात जिरं, भरपूर हिंग, मिरी, सुंठ (ओलं आलं चालत नाही पण सुंठ बहुतेकांना चालते), एक तमालपत्र. आंबटाला आमसूल. इतर दिवशी बटाट्याच्या जागी कच्च्या केळ्याचे तुकडे घाला, शिजून छान दाटपणा देतात. मोड आलेली कडधान्यं तुमच्याकडे चालत नसतील तर अख्खे मूग मोड न आणता नुसते शिजवा. बाकी घरोघरचे नियम वेगळे, ते घरच्यांनाच विचारा.

प्रश्न : मुलाला सिलिअॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन चालत नाही. डाळीचं सूप बिनधास्त द्यावं ना?

डाळ बिनधास्त, पण वरच्या रेसिपीतला दलिया गव्हाचा आहे, तो काढून तांदळाच्या कण्या किंवा ज्वारीचं पीठ घ्या. जवसुद्धा नको, त्यात ग्लूटेन असतं. चकोल्या अर्थातच नाहीत. आणि हिंगाची डबी वाचा! बाजारातल्या बऱ्याच हिंग पावडरीत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो तो घ्या. सोया सॉसमध्येही गहू असतो.

प्रश्न : ताई, मी जर्मनीत मास्टर्स करतोय, हॉस्टेलला एक पातेलं आणि एक हॉटप्लेट आहे, कुकर नाही. मेसचा कंटाळा आलाय. (आखेन)

अरे मग तुझं काम सगळ्यात सोपं. तिकडे दुकानात रोटे लिन्सेन लिहिलेलं पाकीट बघ, ती आपली मसूर डाळच, कुकरशिवाय वीस मिनिटांत विरघळते. एका पातेल्यात तेल, कांदा, लसूण, जिरं असेल तर जिरं, मग डाळ आणि चौपट-पाचपट पाणी. डाळ शिजली की गाळलेल्या टोमॅटोचं पाकीट मिळतं त्यातलं थोडं घाल, आधी घालू नकोस. कडधान्य डब्यातलं घे, छोले, राजमा, ते शिजवलेलेच असतात त्यामुळे वर जे राजम्याचं पुराण सांगितलं ते तुला लागू नाही. छोल्यांच्या डब्यातलं घट्टसर पाणी फेकू नकोस, सूप दाट होतं, फक्त त्यात मीठ असतं. भाजीच्या ब्रॉथची पावडर वापरलीस तर तीही खारट, म्हणून मीठ अगदी शेवटी चाखून. शेवटी मूठभर ओट्स टाक आणि पाच मिनिटं उकळ. आईने पाठवलेला गोडा मसाला शिल्लक असेल तर पाव चमचा. झालं तुझं जेवण, आणि दुसऱ्या दिवशीचा डबाही.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या, रात्री भाकरी चावत नाही. रोज खिचडी नको म्हणतात. (चिपळूण)

चिपळूणला बसून कुळथाची पिठी विसरलात? भाजलेल्या कुळथाचं पीठ तीन मोठे चमचे, आधी गार पाण्यात कालवून घ्या म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग तेलावर लसूण, हिंग, हळद, मिरची, त्यावर तीन वाट्या पाणी, पाणी उकळलं की कालवलेलं पीठ ओतून ढवळत राहायचं, दोन आमसुलं, मीठ, असलं तर ओलं खोबरं. दहा मिनिटांचं काम. एक दिवसाआड मुगाचं कढण, तूप-जिऱ्याची फोडणी देऊन, त्यात मऊ भात कुस्करून. त्यांना किडनीचा त्रास असेल तर मात्र डाळी किती द्यायच्या ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न : एकदम करून ठेवलं तर किती दिवस टिकतं? दुसऱ्या दिवशी पिठलं होतं त्याचं.

होणारच, डाळ आणि दलिया पाणी ओढत राहतात. गरम करताना आधणाचं पाणी घाला, गार नको, आणि मीठ-लिंबू पुन्हा चाखा. फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरला दोन महिने आरामात. पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवू नका, दोन तासांच्या आत छोट्या डब्यांत काढून आत टाका. चकोल्या घालायच्या असतील तर फ्रीझरला ठेवताना घालू नका, त्या ऐनवेळीच.

पुढच्या वेळी भाकरीच्या पिठाचे प्रश्न घेणार आहे, चिरा पडतात, फुगत नाही वगैरे. पीठ कधी दळलंय तेवढं प्रश्नात लिहाच.