पॉलिसी आहे, पण क्लेम नाही! वेटिंग पीरियडबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात हेल्थ इन्शुरन्सवर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि व्हॉट्सअॅप मेसेजचा ढीगच लागला. निम्म्याहून जास्त लोकांचं रडगाणं एकच, हप्ता भरला, कार्ड आलं, आणि दवाखान्यात गेल्यावर म्हणतात वेटिंग पीरियड सुरू आहे, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ क्लेम मिळत नाही तो काळ. सगळी पत्रं घेता येत नाहीत, थोडी निवडलीत.

प्रश्न : मालकांना सहा वर्षं झाली बीपीची गोळी सुरू आहे. पॉलिसी काढताना एजंट म्हणाला, वहिनी बीपी लिहू नका, उगाच प्रीमियम वाढतो, कोण बघतंय. फॉर्म त्यानंच इंग्रजीत भरला, आम्ही सही केली. पॉलिसी हातात येऊन तीन आठवडे झालेत. आता झोप लागेना. — एक भगिनी, वडगाव

ताई, झोप लागेना ते बरंच झालं, कारण तुमच्या हातात अजून आठवडाभर आहे. पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, त्याला फ्री लूक म्हणतात, आधी हे 15 दिवस होतं. जितके दिवस कव्हर मिळालं तेवढ्याचा हिस्सा, तपासण्या केल्या असतील तर त्यांचा खर्च आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी पैसे परत येतात. दुसरा रस्ता म्हणजे कंपनीलाच ईमेल करून कळवायचं की फॉर्ममध्ये बीपी राहून गेलंय, औषध अमुक वर्षापासून सुरू आहे, नोंद करा. कंपनी प्रीमियम वाढवेल किंवा त्या आजाराला वेटिंग लावेल, एखादी नकोच म्हणेल. म्हणून म्हणते 30 दिवसांच्या आतच विचारा, उत्तर पटलं नाही तर परत करायचा दरवाजा उघडा राहतो.

आता "कोण बघतंय" याचं उत्तर. कोणीच बघत नाही, खरंय, पॉलिसी देताना. क्लेम आला की मात्र बघतात, जुनी केसपेपर मागवतात, आणि अॅडमिट होताना डॉक्टर विचारतात बीपी कधीपासून आहे, पेशंट बिचारा खरं सांगतो सहा वर्षं, आणि ते कागदावर येतं. पॉलिसी वर्षाची, बीपी सहा वर्षांचं. संपलं की!

आणि खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? 2024 पासून आधीच्या आजाराला कंपनीला जास्तीत जास्त 36 महिनेच वेटिंग लावता येतं, पूर्वी 48 होतं. आणि ते वेटिंगसुद्धा फक्त बीपीला आणि बीपीतून थेट उद्भवणाऱ्या गुंतागुंतीला. चाळिसाव्या दिवशी डेंगू झाला तर त्याचा बीपीशी काय संबंध, तो क्लेम बसतो. लोकांना वाटतं आजार लिहिला म्हणजे तीन वर्षं पॉलिसी बंदच. तसं नसतंय.

कोणी सांगेल की पाच वर्षं हप्ता भरला की कंपनी काही बोलू शकत नाही. 60 महिने सलग झाले की कंपनीला नुसतं "तुम्ही सांगितलं नव्हतं" म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध करावी लागते, हे खरं. पण पाच वर्षं जीव मुठीत धरून बसायचं कशाला?

एक काम मात्र आजच करा. पॉलिसीबरोबर कस्टमर इन्फर्मेशन शीट नावाचं पत्रक येतं, कुठल्या आजाराला किती वेटिंग ते त्यात साध्या भाषेत असतं. ते आपल्या भाषेत मागता येतं. मराठीत मागा. आपल्या बेळगाव भागात कागद एक तर इंग्रजी नाहीतर कन्नड, आणि सही मराठीत, या सवयीनंच निम्मे घोटाळे झालेत.

प्रश्न : आईला पॉलिसी काढली तेव्हा डोळे एकदम चांगले होते, चष्मासुद्धा नव्हता. चौदा महिन्यांनी मोतीबिंदू निघाला आणि क्लेम नाकारला, म्हणे दोन वर्षं व्हायला पाहिजेत. आजार आधी नव्हताच तर वेटिंग कसलं? ही फसवणूक नव्हे काय? — एक वाचक, निपाणी

राग समजतो, पण फसवणूक नाही दादा, हे दुसरं घड्याळ आहे. पॉलिसीत वेटिंग एकच नसतं. पहिले 30 दिवस अपघात सोडून कशालाच क्लेम नाही. आधीच्या आजाराचं वेगळं. आणि तिसरी एक यादी असते, मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, पित्ताशयातले खडे, गर्भाशय काढणं, गुडघे बदलणं असली. हे आजार हळूहळू वाढतात आणि ऑपरेशन महिना-दोन महिने पुढं ढकलता येतं, त्यामुळं लोक आधी पॉलिसी काढून मग ऑपरेशनला जातील ही कंपनीची भीती. म्हणून आजार आधी असो नसो, यादीतल्याला बहुतेक ठिकाणी 24 महिने, आणि नियमानं जास्तीत जास्त 36. यादीतलाच आजार आधीपासूनही असेल तर दोन्हींत जे वेटिंग मोठं ते लागू होतं.

मी स्वतः यात पोळलेय. पॉलिसीला एकोणीस महिने झाले होते, आमच्या ह्यांचा हर्निया निघाला, कोल्हापूरला अॅडमिट केलं, कार्ड काउंटरवर ठेवलं ऐटीत, आणि तासाभरात नकार आला. यादी पॉलिसीतच होती. वाचली नव्हती, दुसरं काय. ऑपरेशन पाच महिने थांबण्यासारखं होतं की नाही हे डॉक्टरांना आधी विचारलं असतं तर सगळा खर्च वाचला असता. तुमच्या आईचं ऑपरेशन अजून झालं नसेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा, दहा महिने थांबलं तर चालेल काय. नाही म्हणाले तर थांबू नका, डोळा महत्त्वाचा. आणि दोन वर्षं झाल्यावरही मोतीबिंदूला एका डोळ्यामागं ठरावीक रकमेची मर्यादा असते बऱ्याच पॉलिसींत, तेवढं बघून ठेवा.

प्रश्न : चार वर्षं पॉलिसी होती. यंदा उसाचं बिल उशिरा आलं, हप्ता भरायला चाळीस दिवस उशीर झाला. एजंट म्हणतो नवीन पॉलिसी करू, काय फरक पडतोय. फरक पडतो काय? — एक शेतकरी वाचक, चिकोडी तालुका

अण्णा, लई मोठा फरक पडतो. वर्षाच्या हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते. त्या 30 दिवसांत भरला की जुनी चार वर्षं जशीच्या तशी राहतात, फक्त मधल्या दिवसांत अॅडमिट झालात तर तो क्लेम मिळत नाही. एकतिसाव्या दिवशी मात्र सगळं पुसलं जातं. नवीन पॉलिसी म्हणजे पुन्हा पहिले 30 दिवस, पुन्हा यादीचं वेटिंग, पुन्हा आधीच्या आजाराची तीन वर्षांपर्यंतची वाट. एजंटाला नव्या पॉलिसीवर कमिशन मिळतं, त्याला फरक पडत नाही हे बरोबर.

आधी कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या, उशिराचं कारण लिहा, जुनी पॉलिसी चालू करून द्या म्हणून विनंती करा. मिळेलच असं नाही, पण विचारायला काय जातंय. आणि पुढच्या वेळी उसाच्या बिलावर हप्त्याची तारीख टांगू नका, कारखान्याच्या तारखेचा भरवसा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. निदान एक बरं झालंय, 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला.

प्रश्न : मुलगा पुण्यात नोकरीला आहे, कंपनीच्या पॉलिसीत आम्ही दोघं आहोत. त्यात वेटिंग नाही म्हणतो. मग वेगळी पॉलिसी कशाला? — निवृत्त शिक्षक, शहापूर, बेळगाव

सर, नोकरी आहे तोवर छान. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत पहिल्या दिवसापासून शुगर-बीपी सगळं कव्हर असतं. पण मुलानं नोकरी सोडली की त्याच्याबरोबर तुमचंही कव्हर संपतं, आणि तेव्हा सत्तरीत नवीन पॉलिसी काढायला गेलात तर वेटिंग शून्यापासून. म्हणून झेपत असेल तर छोटी का होईना स्वतःची पॉलिसी आत्ताच काढा. क्लेम मुलाच्या पॉलिसीत करा, आणि तुमच्या पॉलिसीचं वेटिंग मागं मुकाट्यानं संपत राहतं. तेही जमलं नाही तर मुलानं राजीनामा देण्याआधी त्याच विमा कंपनीकडं वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करावा, ग्रुपमधली वर्षं त्यात धरली जातात.

कंपनी बदलायची असेल तरी वर्षं वाया जात नाहीत, पोर्टिंगचा अर्ज मुदत संपायच्या निदान 45 दिवस आधी करा. फक्त 3 लाखांची पॉलिसी 10 लाखांची केलीत तर जुनं घड्याळ 3 लाखांनाच, वरच्या 7 लाखांना नवीन.

प्रश्न : गरिबांना हे सगळं कुठं परवडतंय? सरकारी कार्डालाही वेटिंग असतंय काय? — एक वाचक, खानापूर

नाही. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेत वेटिंग पीरियड नाही, आजार जुना असो की नवा. बीपीएल कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, एपीएल असेल तर पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या दराच्या, 30 टक्के सरकार भरतं. सगळे उपचार खाजगीत थेट मिळत नाहीत, आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं बऱ्याचदा, त्यामुळं अॅडमिट होण्याआधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

प्रश्न : चोर्ला घाटात बाईक घसरली, पाय मोडला. पॉलिसीला नऊच दिवस झालेत. मिळेल? — टिळकवाडी

मिळेल. अपघाताला ते 30 दिवस लागू नाहीत. पोलिसांत नोंद झाली असेल तर तिची प्रत आणि पहिल्या दवाखान्याचा केसपेपर जपून ठेवा, त्यावर "अपघात" आणि तारीख-वेळ आहे ना बघा. कंपनीनं तरीही नाकारलं तर आधी कंपनीकडंच लेखी तक्रार, महिनाभरात दाद नाही लागली तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडं, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडं. फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाइन जाते. गोव्यात अॅडमिट आहात की बेळगावात हे लिहिलंच नाही तुम्ही, पण त्यानं वेटिंगमध्ये काही फरक पडत नाही.