आईचा मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं का? भिंग कोणतं बसवावं?

नाही, थांबू नका. ‘पिकू द्या’ हा जुन्या काळचा सल्ला. उलट जास्त पिकलेलं भिंग कडक होतं आणि ऑपरेशन अवघड जातं. डोळ्यातलं स्वतःचं भिंग गढूळ होणं म्हणजे मोतीबिंदू. तो थेंबांनी विरघळत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

माझी आई सोलापुरात पूर्व भागात विड्या वळायची. दोरा सापडेना, समोरून रिक्षाचा दिवा आला की सगळं पांढरं. तेव्हा ऑपरेशन केलं. डोळ्यात थेंब टाकून भूल, दोन-तीन मिलिमीटरची चीर, ध्वनिलहरींनी जुनं भिंग फोडून ओढून घेतात आणि ते ज्या पातळ पिशवीत असतं त्याच पिशवीत घडी केलेलं नवं भिंग सोडतात. ते आत उलगडतं. साधारण वीस मिनिटं. पट्टी सुटल्यावर आई म्हणाली, ‘अगं, ही चादर निळी आहे होय! मी करडी समजत होते.’

भिंगाचं म्हणाल तर साधं मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराचं, बहुतेकांना पुरतं. लांबचं स्वच्छ, वाचायला चष्मा. मल्टिफोकलमध्ये, म्हणजे जवळ-लांब दोन्हींसाठीच्या भिंगात, चष्मा सुटू शकतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. डोळ्याच्या आतला मागचा पडदा खराब असेल तर महागड्या भिंगाच्या नादी लागू नका. म्हणून आधी पडदा तपासून घ्या, साखर आटोक्यात आणा.

नंतर काही आठवडे डोळा चोळायचा नाही, गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या) धुळीत तर मुळीच जायचं नाही. दुखलं, लाल झालं किंवा दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.