क्वार्टरबॅक मिळाल्यानंतर पैसा कुठे घालायचा?

तुम्ही विचारलंय की एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला, संघ शून्यातून उभा करायचा असेल, तर क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) सोडून कोणत्या जागांना आधी महत्त्व द्यायचं, आणि 'सगळ्याच जागा महत्त्वाच्या' असं गुळमुळीत उत्तर नको. माझं उत्तर आधीच सांगते: दोन्ही बाजूंच्या लाइन. चेंडू आपल्याकडे असताना क्वार्टरबॅकच्या पुढ्यात उभे राहणारे पाच जण, आणि चेंडू समोरच्यांकडे असताना त्यांच्या क्वार्टरबॅकवर चालून जाणारे चौघे. बाकी सगळे नंतर. मी फिलाडेल्फियाजवळ राहते आणि तिथल्या ईगल्स संघाची कट्टर चाहती आहे, म्हणून उदाहरणं त्यांची जास्त येतील. पण हे मत केवळ प्रेमापोटी बनलेलं नाही, त्यामागची कारणं खाली देते.

क्वार्टरबॅक बाजूला ठेवा म्हणालात, तरी त्याच्या पगाराबद्दल थोडं बोलावंच लागेल, कारण बाकीच्या जागांचं गणित तिथूनच सुरू होतं. १९९४ पासून एनएफएलमध्ये सॅलरी कॅप आहे. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला ठरावीक पर्स असते तसंच हे, फक्त इथे ते दरवर्षी ५३ जणांच्या संघासाठी पाळावं लागतं. २०२५ साली ही मर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. डॅलसच्या क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटचा २०२४ चा करार वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलरचा आहे. याउलट सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) अगदी शेवटचा, २६२ वा निवडला गेला आणि वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षाही कमी पगारावर फेब्रुवारी २०२४ ची सुपर बाउल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, खेळला. ड्राफ्टमधून आलेल्या नव्या खेळाडूंचे पगार लीग आणि खेळाडू संघटनेतल्या २०११ च्या करारानंतर एकदम खाली आले. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर कबूल झाले होते. पुढच्याच वर्षी पहिला आलेल्या कॅम न्यूटनला मिळाले चार वर्षांचे २ कोटी २० लाख. म्हणजे तुमचा क्वार्टरबॅक तरुण आणि पहिल्या करारावर असेल, तर चार-पाच वर्षं हातात मोकळा पैसा असतो. तो कुठे घालायचा, हाच तुमचा खरा प्रश्न आहे.

चेंडू हातात आल्यापासून तो फेकेपर्यंत क्वार्टरबॅकला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याला समोरचा बचाव वाचायचा असतो, रिसीव्हर (पास झेलणारा) मोकळा होण्याची वाट पाहायची असते आणि पाय रोवून चेंडू फेकायचा असतो. यातला अर्धा सेकंद कमी झाला, तर सर्वोत्तम क्वार्टरबॅकही सामान्य दिसायला लागतो. आपल्या क्वार्टरबॅकला हा वेळ मिळवून देतात ऑफेन्सिव्ह लाइनमधले पाच जण, आणि समोरच्याचा वेळ हिरावून घेते डिफेन्सिव्ह लाइन.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सच्या सुपर बाउलमध्ये सापडतो. फेब्रुवारी २०२१ च्या अंतिम सामन्यात कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल (लाइनच्या दोन टोकांना उभे राहणारे), एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतीमुळे बाहेर होते. तोच माहोम्स, तेच रिसीव्हर, तोच प्रशिक्षक. तरी टँपा बेच्या बचावाने त्याला सामनाभर पळवलं, तब्बल २९ वेळा दबावाखाली आणलं आणि सामना ३१-९ असा जिंकला. त्या रात्री जवळजवळ जमिनीला समांतर पडतापडता त्याने फेकलेले काही चेंडू मला अजून आठवतात. थेट रिसीव्हरच्या हाता-तोंडाशी गेले होते, पण उपयोग शून्य.

कॅन्सस सिटीने पुढच्या मोसमाआधी अख्खी लाइन बदलली. जो थुनीला पैसे मोजून आणलं, ऑर्लँडो ब्राउनसाठी बॉल्टिमोरशी सौदा केला, क्रीड हंफ्री ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत आणि ट्रे स्मिथ सहाव्या फेरीत उचलला. वर्षभराने त्यांनी टायरीक हिल हा लीगमधला सर्वांत वेगवान रिसीव्हर मायामीला देऊन टाकला, पाच ड्राफ्ट निवडींच्या बदल्यात. सगळ्यांना वाटलं, आता हे संपले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्यासमोर माझे ईगल्स होते, मोसमात ७० सॅक केलेले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच समोरच्या क्वार्टरबॅकला ७० वेळा पाडलेले. त्या सामन्यात ईगल्सना माहोम्सची एकही सॅक मिळाली नाही आणि कॅन्सस सिटी ३८-३५ ने जिंकली. मला त्या पराभवाचं फार वाईट वाटलं, पण त्या लाइनचं काम बघण्यासारखं होतं, हे मान्य करायलाच हवं.

मग फेब्रुवारी २०२५. तेच दोन संघ. या वेळी कॅन्सस सिटीकडे धड लेफ्ट टॅकल नव्हता, म्हणून मूळचा गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूला उभा राहणारा) असलेल्या थुनीला तिथे उभं करावं लागलं होतं. ईगल्सचे बचाव प्रशिक्षक विक फँजिओ यांनी सामनाभर एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे नेहमीच्या चौघांखेरीज जादा माणूस क्वार्टरबॅकवर सोडलाच नाही. तरीही सहा सॅक. जॉश स्वेटच्या अडीच, मिल्टन विल्यम्सच्या दोन. चौघांनीच काम भागत असेल तर मागे सात जण पास अडवायला शिल्लक राहतात, आणि त्या सातांमध्ये माहोम्सला मोकळा माणूस सापडेना. मध्यंतराला २४-०, शेवटी ४०-२२. डिफेन्सिव्ह लाइनवर पैसा का घालायचा, याचं उत्तर या एका सामन्यात आहे.

बाजारालाही हे कळतं. २०२५ मध्ये ग्रीन बेने एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर चालून जाणारा) मायका पार्सन्सला वर्षाला सरासरी ४ कोटी ७० लाख डॉलरचा करार दिला, वर डॅलसला पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि केनी क्लार्क हा खेळाडूही दिला. क्वार्टरबॅक नसलेल्या खेळाडूसाठी तोवरचा तो सर्वांत मोठा करार होता. माझं थोडं वेगळं मत एवढंच की लोक कडेने येणाऱ्या रशरच्याच प्रेमात पडतात. क्वार्टरबॅक कडेने येणारा माणूस टाळून पुढे सरकू शकतो, पण मधूनच भिंत फोडून कोणी आला तर त्याला जायला जागाच उरत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये १८-० अशा अजिंक्य न्यू इंग्लंडला जायंट्सनी १७-१४ ने हरवलं, तेव्हा जस्टिन टकला आतल्या बाजूला उभं करून त्यांनी न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला हेच केलं होतं. म्हणून मी एक मोठा एज रशर घेईन, पण त्याच्या शेजारी तितकाच चांगला डिफेन्सिव्ह टॅकल (मधून घुसणारा) असल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

ऑफेन्सिव्ह लाइनचं गणित उलटं आहे. रशर एकच असामान्य असला तरी तो सामना फिरवतो. लाइनमध्ये मात्र चार उत्तम आणि एक कच्चा असेल, तर समोरचा संघ सामनाभर त्या एकावरच चालून जातो. पूर्वी सगळा मान लेफ्ट टॅकलला मिळायचा. नोव्हेंबर १९८५ मध्ये रशर लॉरेन्स टेलरने खाली पाडताना क्वार्टरबॅक जो थाइझमनचा पाय मोडला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला न दिसणारी डावी बाजू सांभाळणारा माणूस किती मोलाचा, हे त्या काळात सगळ्यांच्या लक्षात आलं. आज बचाव आपला सर्वोत्तम रशर डाव्या, उजव्या, मधल्या, कुठल्याही जागी उभा करतो. त्यामुळे एका लेफ्ट टॅकलवर सगळा पैसा ओतून गार्ड भाडोत्री आणणं मला पटत नाही.

इथे सिनसिनाटीचं उदाहरण विरोधात मांडलं जातं, आणि ते वजनदार आहे. २०२० मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक जो बरोचा गुडघा गेला. पुढच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर त्यांच्यासमोर दोन नावं होती: टॅकल पेनेइ सूल आणि रिसीव्हर जमार चेस. त्यांनी चेस निवडला आणि त्याच मोसमात सुपर बाउल गाठली. पण वाटेत टेनेसीविरुद्ध बरो नऊ वेळा सॅक झाला, आणि अंतिम सामन्यात सात वेळा. शेवटच्या चौथ्या डाउनला (पुढे सरकण्याच्या अखेरच्या प्रयत्नाला) समोरच्या संघाचा एरन डॉनल्ड आतून घुसला, बरोला त्याने गरगर फिरवलं, चेंडू कसाबसा सुटला आणि सामना २३-२० असा हातचा गेला. २०२४ मध्ये चेसने कॅच, यार्ड आणि टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेणं) या तिन्हींत लीगमध्ये पहिला नंबर काढला. संघ प्लेऑफलासुद्धा पोहोचला नाही. सूल गेला डेट्रॉइटला. तिथे त्यांनी त्याच्याभोवती पूर्ण लाइन बांधली, २०२३ मध्ये तीस वर्षांनी गट जिंकला आणि २०२४ च्या मोसमात १५-२ अशी कामगिरी केली. चेस असामान्य खेळाडू आहे, त्यात वादच नाही. तरी मी सूल घेतला असता.

रनिंग बॅकबद्दल (चेंडू घेऊन धावणाऱ्याबद्दल) तर एकाच माणसाची गोष्ट पुरेशी आहे. सेकॉन बार्कलीला जायंट्सनी २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. सहा मोसमांत संघाचे एकदाच जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त झाले. २०२३ मध्ये जायंट्सच्या लाइनने ८५ सॅक दिल्या आणि बार्कलीने १४ सामन्यांत ९६२ यार्ड काढले. पुढच्या वर्षी तो ईगल्सकडे आला, जॉर्डन मायलाटा आणि लेन जॉन्सन यांच्यामागे धावला आणि २,००५ यार्ड करून गेला. माणूस तोच, पायही तेच. मला बार्कली अतिशय प्रिय आहे, पण तो आधी तयार असलेल्या लाइनला शेवटी जोडला गेला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

मायलाटाचं नाव आलंच आहे तर थोडं विषयांतर. तो सिडनीचा, रग्बी लीग खेळणारा. २०१८ च्या ड्राफ्टपर्यंत त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. ईगल्सनी त्याला सातव्या फेरीत घेतलं आणि लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी त्याला अक्षरशः घडवला. लाइनमन शिकवून तयार करता येतो, पण त्याला वर्षं लागतात. म्हणून गरज पडण्याच्या आधी दोन वर्षं तो संघात आणून ठेवावा लागतो. नुसती पहिल्या फेरीची निवड वापरली की लाइन झाली, असं होत नाही.

दोन लाइननंतर मी कॉर्नरबॅकवर (समोरच्या रिसीव्हरला अडवणाऱ्यांवर) पैसा घालेन, तेही एकावर नाही, तिघांवर. कारण क्वार्टरबॅक कच्च्या कॉर्नरला शोधूनच फेकतो. ईगल्सनी २०२४ मध्ये पहिल्या दोन्ही निवडी याच कामाला लावल्या, क्विन्यॉन मिचेल आणि कूपर डिजीन. डिजीनने सुपर बाउलमध्ये माहोम्सचा पास पकडून टचडाउन केला, तोही स्वतःच्या वाढदिवशी. त्यानंतर एक खराखुरा चांगला रिसीव्हर. सेफ्टी, आतले लाइनबॅकर, टाइट एंड या उरलेल्या जागांवर चाणाक्षपणे स्वस्तात माणसं मिळतात. लाइनबॅकर झॅक बॉनला ईगल्सनी ३५ लाख डॉलरच्या एका वर्षाच्या करारावर घेतलं आणि तो ऑल-प्रो झाला, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला. किकर महाग नसतोच, चांगला मिळाला की सोडू नका.

आणखी एक, जे अशा याद्यांमध्ये फारसं दिसत नाही. २०१७ मध्ये ईगल्सनी ऑक्टोबरात लेफ्ट टॅकल जेसन पीटर्स गमावला आणि डिसेंबरात क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ. त्यांच्या जागी पाचव्या फेरीतला हालापूलिवाटी वायटाय आणि राखीव क्वार्टरबॅक निक फोल्स खेळले. सुपर बाउलमध्ये न्यू इंग्लंडच्या ब्रेडीने ५०५ यार्ड फेकले, तरी ईगल्स ४१-३३ ने जिंकले. त्या पूर्ण सामन्यात दोन्ही संघांची मिळून एकच सॅक झाली, ती ब्रँडन ग्रॅहमने शेवटच्या काही मिनिटांत ब्रेडीच्या हातून चेंडू उडवून केलेली. म्हणून शून्यातून संघ बांधताना माझ्या हिशेबात दुसरा क्वार्टरबॅक आणि तिसरा टॅकल हे दोघेही पहिल्या रनिंग बॅकच्या आधी येतात.