फरचा ससा शिवताय? आधी माझे चोवीस डावे ससे ऐका

तुम्ही शिवलेल्या फरच्या सशाचा फोटो टाकलाय, तो बघून हसूच आलं. तुम्हाला नाही हं, मला स्वतःला हसले. पाठीवरच्या फरचे केस खाली वळलेले, पोटावरचे वर, शिवणीपाशी टक्कल आणि मान लुळी. याचा सख्खा भाऊ माझ्या कपाटात आहे. शिवणीबाहेर माया, म्हणजे जादा कापड, किती सोडायची, वळणावर कात्रीने कच कसे द्यायचे हे तुम्हाला जमलेलं दिसतंय, त्यात शिरत नाही.

माझी गोष्ट अशी की भाचीच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून बारा ससे देते असं मीच मोठ्या तोंडाने सांगितलं. रविवार पेठेतून दोन मीटर पांढरी फर आणली, ब्लाऊजसारखी दुहेरी घडी घालून कापायला गेले तर खालचा थर सरकला, दोन तुकडे बिघडले. मग शहाणपणा केला, एकेरी पसरून पाठीमागे पुठ्ठ्याचा साचा ठेवत गेले, चोवीस वेळा, आणि एकदाही साचा पालथा केला नाही! चोवीसच्या चोवीस डाव्या बाजू. साध्या सुती कापडाला सुलट-उलट नसतं, ते असतं तर खपलं असतं, पण फरला एकच चांगली बाजू, त्यामुळे जोडी लावली की एकाचं नाक दुसऱ्याच्या शेपटीवर. रात्री साडेअकराला कळलं. दुसऱ्या दिवशी दुकानात तो लॉट संपलेला, दुसऱ्या पांढऱ्याचा रंग पिवळट. पोरांना शेवटी कंपासपेट्या दिल्या.

आणि हे सगळं सहा आठवड्यांचा क्लास करून बरं का! नाव घेत नाही, पण तिथे तुकडे आयते कापून द्यायचे, आपण नुसती टीप मारायची. कटिंग कधी शिकवणार विचारलं तर म्हणे ते अ‍ॅडव्हान्सला, वेगळी फी. असो.

आता मी साच्याच्या एका बाजूला डावा, दुसऱ्या बाजूला उजवा लिहिते आणि डोक्याकडून शेपटीकडे बाण काढते. फरवर हात फिरवायचा, जिकडे केस मऊ बसतात तिकडे बाण. कापताना कात्रीचं टोक फक्त पाठच्या कापडात घालायचं, केस कापायचे नाहीत, तुमचं अर्धं टक्कल तिथूनच आलंय. उरलेलं अर्धं शिवणीत अडकलेल्या केसांचं, ते सुईच्या टोकाने बाहेरून ओढून काढा, ससा बराच सुधारेल.

मानेत भरण कमी पडलंय. चिमूट चिमूट घालून विणायच्या सुईच्या मागच्या टोकाने ठासा. आणि कापूस नको, फायबर, म्हणजे उशांत भरतात तो कृत्रिम कापूस, घ्या. कापूस धुतला की गोळे होतात आणि पावसाळ्यात आत ओलाच राहतो, वास येतो. लोडा-गाद्यांना कापूसच चांगला, मी धुवायच्या खेळण्यांबद्दल बोलतेय, भांडू नका.

माझं मत विचाराल तर पहिलं खेळणं फरचं करूच नये, फेल्टचं, म्हणजे न विणता तंतू दाबून केलेल्या जाड कापडाचं करावं. धागे सुटत नाहीत, केसांची दिशा नाही, दोन्ही बाजू सारख्या, चोवीस डावे झाले तरी चालतात. जर्मनीत मार्गारेट स्टाइफ बाईंनी 1880 मध्ये सुरुवात केली ती फेल्टच्या छोट्या हत्तीनेच, तोही टाचण्या खोचायला केलेला, पण पोरं त्याच्याशी खेळायला लागली आणि पुढे खेळण्यांचा कारखानाच उभा राहिला. अर्थात मी काही शिक्षिका नाही, कुणाला फरच आधी जमली असेल तर आनंद आहे.

विकायचा विचार डोक्यात आला तर खेळण्यांना 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, ते आधी नीट बघा. घरच्यांना द्यायला काही प्रश्न नाही.

पण तुम्ही लिहिलंय की ससा दहा महिन्यांच्या पुतण्यासाठी आहे, आणि डोळे बटणांचे दिसतायत. कितीही घट्ट शिवली तरी त्या वयाची पोरं दाताने उपटतात आणि गिळतात. ती आज रात्रीच काढा, काळ्या दोऱ्याने डोळे भरा, बाकीचं सगळं सावकाश.