‘दीतत’चा ‘ददाति’शी काडीचाही संबंध नाही

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याच्या मुद्रेवरचं लॅटिन ब्रीद ‘दीतत देउस’ म्हणजे आपलं ‘ददाति देवः’च ना, असा प्रश्न आला आहे. नाही हो! दर काही महिन्यांनी कुणीतरी हेच विचारतं. ‘देउस’ आणि ‘देव’ सख्खे, इथवर ठीक. पण ‘देतो’ला लॅटिनमध्ये ‘दत’ म्हणतात, ‘ददाति’चा भाऊ तो. ‘दीतत’ म्हणजे श्रीमंत करतो, चांगला गबर करतो. लॅटिन बायबलात सदोमचा राजा लूट देऊ करतो तेव्हा अब्राम वहाणेचा बंदसुद्धा घेत नाही. तो राजाला सुनावतो, उद्या तू म्हणशील, ‘अब्रामला मी श्रीमंत केलं’. तिथे हेच क्रियापद आहे, ‘दीतावी’. नुसतं ‘दिलं’ असतं तर त्या नकाराला धारच उरली नसती.

‘पेकुनिया’ म्हणजे पैसा, त्याचं ‘पशु’शी नातं, हे सगळ्यांना पाठ आहे. सोडा ते. खरी गंमत ‘दीवेस’मध्ये, म्हणजे श्रीमंत. त्याची षष्ठी ‘दीवितिस’, ती आकसून ‘दीतिस’, आणि त्यावरून ‘दीतारे’, श्रीमंत करणे. रोमन पंडित वारो म्हणतो, ‘दीवेस’ आला ‘दीवुस’वरून, म्हणजे देवावरून, कारण श्रीमंताला देवासारखंच काही कमी नसतं. यावर काही कोशकार नाक मुरडतात. का, कळत नाही. रशियनमध्ये देव ‘बोग’ आणि श्रीमंत ‘बोगाती’. आपल्याकडे ज्याच्यापाशी ‘भग’ म्हणजे ऐश्वर्य, तो भगवान. धन आणि देव एका घरात नांदतात याला आणखी किती पुरावे हवेत? म्हणजे ‘दीतत देउस’मध्ये दोन्ही शब्द एकाच धातूचे. देव देवासारखं करतो!

आता कुणी शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन यास्काचं ‘देवो दानाद्वा’, म्हणजे दान देतो म्हणून देव, हे तोंडावर फेकेल. पुढचं ‘दीपनाद्वा द्योतनाद्वा’, म्हणजे उजळतो, प्रकाशतो म्हणून देव, हेही वाचा की. ‘देव’ प्रकाशातूनच आला, दानातून नाही.

रोमनांचा पाताळाचा देव ‘दीस’, तोही याच ‘दीवेस’चा. रोमन विचारवंत सिसेरोच्या ग्रंथात कारण दिलंय: सगळं मातीत जातं आणि मातीतूनच वर येतं, म्हणून तो श्रीमंत. १८६३ साली अ‍ॅरिझोना वेगळा प्रदेश झाला, तेव्हा त्याचे सचिव मॅककॉर्मिक यांनी मुद्रेवर या शब्दांसोबत कुदळ-फावडंवाला खाणकामगार घेतला. तो आजही तिथे आहे, दीसच्या दारात उभा.