घरात रोज लेडीबग येतात, केमिकल न मारता काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात बाणेरला सातव्या मजल्यावर राहता, दिवाळीपासून रोज संध्याकाळी दहा-पंधरा लेडीबग हॉलमध्ये येतात, घरात ८ महिन्यांचं रांगणारं बाळ आहे म्हणून पेस्ट कंट्रोल नकोय. अगदी बरोबर करताय. आम्ही ३ वर्षांपूर्वी नेमकं उलटं केलं होतं, तो गाढवपणा आधी सांगते म्हणजे पुढचं पटेल.

आम्ही धायरीला चौथ्या मजल्यावर. तेव्हा हॉलच्या ट्यूबलाइटभोवती हे लाल-केशरी किडे घिरट्या घालायचे, एक दिवस सासूबाईंच्या आमटीच्या वाटीत एक पडला आणि झालं, दुसऱ्या दिवशी पेस्ट कंट्रोलवाला हजर. पाठीवर पंप, खिडक्या मारल्या, जाळ्या मारल्या आणि जाता जाता कोणी न सांगता बाल्कनीतल्या सगळ्या कुंड्याही धुऊन काढल्या त्याने. सकाळी सुपडीभर लेडीबग भरले मी. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पंधरा दिवसांत जास्वंदीच्या कळ्या माव्याने (झाडाचा रस शोषणारे इवलेसे किडे) अशा भरल्या की देठ दिसेना, बाल्कनीची फरशी चिकट, चप्पल उचलली की चर्रकन आवाज, आणि भिंतीवरून मुंग्यांची रांग थेट कुंडीत.

माझ्या मामांची सासवडजवळ सीताफळाची बाग आहे, त्यांना फोटो पाठवला. लगेच फोन आला, "अगं ते ढालकिडे गं! आम्ही ते विकत आणून बागेत सोडतो आणि तू पैसे देऊन मारून टाकलेस?" मग अर्धा तास शाळा घेतली माझी.

तर शेतकरी ज्याला ढालकिडा म्हणतात तोच आपला लेडीबग. खाणं म्हणजे मुख्यतः मावा, शिवाय जातीप्रमाणे पिठ्या ढेकूण (तो जास्वंदीवर पांढरा कापसासारखा दिसतो तो), खवले कीड वगैरे. एकेक किडा दिवसाला कित्येक मावे फस्त करतो. सीताफळावर आणि द्राक्षावर पिठ्या ढेकणासाठी सोडतात त्याला मामा नुसतं 'क्रिप्टो' म्हणतात, पूर्ण नाव क्रिप्टोलिमस, काळपट अंगाचा आणि केशरी डोक्याचा, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भारतात तो १८९८ साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी आणला होता, म्हणजे हा पाहुणा आपल्याकडे सव्वाशे वर्षं नांदतोय. आणि मावा काय करतो, तर त्याच्या माद्या नराशिवाय थेट जिवंत पिल्लं घालतात, त्यामुळे खाणारा कोणी उरला नाही की आठवड्यात झाड काळं. आमच्याकडे औषधाने दोघेही मेले, मावा आठवड्यात परत आला, ढालकिडा नाही आला. एवढंच झालं होतं.

आता तुमचं. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून घाबरू नका, ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिकडे आशियातूनच गेलेली एक जात आहे, ती थंडी पडायच्या आधी शेकड्याने घराच्या भिंतीत, माळ्यावर शिरते आणि हिवाळा तिथेच झोपून काढते. पुण्याच्या थंडीत त्यांना तशी कोंडून घ्यायची गरज पडत नाही. आपल्याकडे येतात ते दिव्याकडे येतात, आणि मुळात खिडकीपर्यंत येतात कारण जवळपास कुठेतरी जेवण आहे. पावसाळा संपला की कोवळी पालवी, शेवंती, जास्वंद, आजूबाजूच्या रिकाम्या प्लॉटवरचं गवत, सगळीकडे मावा असतो. म्हणून पहिलं काम, टॉर्च घेऊन बाल्कनीत जा आणि पानं उलटी करून बघा. फक्त वरून बघू नका, मावा खालच्या बाजूला आणि शेंड्यात बसतो. तुमच्याकडे कुंड्याच नसतील तर वरच्या-खालच्यांच्या बाल्कनीत डोकवा (विचारून डोकवा, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर वेगळाच विषय सुरू व्हायचा).

मावा सापडला तर सकाळी पाइपने किंवा स्प्रे बाटलीने जोरात पाणी मारून पाडायचा, दोन-तीन दिवस सलग. फारच भरलेला शेंडा असेल तर तो खुडून पिशवीत बांधून टाका. उरलेल्यावर १ लिटर पाण्यात १ चमचा भांड्यांचं लिक्विड, पानाच्या खालून मारायचं आणि थोड्या वेळाने साध्या पाण्याने धुवायचं, भर उन्हात मारू नका, पानं करपतात. पण मारायच्या आधी एक बघा, पानावर काळपट, केशरी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी अळी फिरताना दिसते का. ती ढालकिड्याचीच अळी आहे, मावा तीही खाते, आणि लोक सगळ्यात आधी तिलाच चिरडतात कारण दिसते भयंकर. मी स्वतः चिरडल्यात. क्रिप्टोची अळी तर अजून फसवी, अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या, हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी, फक्त ती भराभर चालते. अशी अळी असलेलं पान सोडून बाकीचं धुवा. आणि मुंग्यांची रांग तोडा. माव्यातून गोड चिकट रस गळतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर ठेवली की झालं, ताटलीतलं पाणी मात्र रोज बदला, डासांना आमंत्रण नको.

आता दिवा. आमच्या हॉलमध्ये खिडकीच्या बरोबर समोर पांढरीफेक ट्यूब होती, तपकीर गल्लीतून (पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार) पिवळसर वॉर्म एलईडी आणले आणि फरक तिसऱ्या दिवशी कळला. संध्याकाळी ६ ते ८ पडदा ओढून ठेवला तरी बराच फरक पडतो, हे फुकटात होतं म्हणून आधी हेच करून बघा.

फटींचा विषय जरा लांबवते कारण सगळे इथेच चुकतात. सगळे म्हणतात जाळी बसवा, आमच्याकडे जाळी होतीच. तरी येत होते. शेवटी एक रविवार नवऱ्याने हॉलचा दिवा बंद केला, मी बाहेर बाल्कनीत उभी राहिले, आतल्या बाजूने त्याने टॉर्च फिरवला, आणि जिथून जिथून उजेड बाहेर आला तिथे मी खडूने खूण केली. आठ जागा निघाल्या! स्लायडिंग खिडकीची दोन दारं जिथे एकमेकांवर येतात तिथली उभी फट, ब्रशची पट्टी झिजलेली. जाळीचं वेलक्रो एका कोपऱ्यात सुटलेलं. एसीच्या पाइपच्या भोकाभोवती एक बोट जाईल एवढी जागा. आणि अॅल्युमिनियमच्या ट्रॅकला खाली पाणी जायला छोट्या खाचा असतात, त्यातून हे आरामात चालत येतात. त्या खाचा सिलिकॉनने बुजवू नका हं, आमच्या शेजाऱ्यांनी बुजवल्या आणि जूनमध्ये पावसाचं पाणी सोफ्याखाली. त्यावर जाळीचा बारीक तुकडा चिकटवायचा. एसीच्या भोकाला एमसील, ब्रशची पट्टी बोहरी आळीत (पुण्यातला हार्डवेअरचा बाजार) मीटरवर मिळते, स्वस्त आहे, जुनी ओढून काढायची नवी सरकवायची.

आत आलेल्यांचं काय, तर चिरडू नका आणि झाडूने फटकारू नका. घाबरला की तो पायांच्या सांध्यातून पिवळा द्रव सोडतो, वास कडवट, आणि पांढऱ्या भिंतीवर डाग राहतो, आमच्या पडद्यावर अजून दोन आहेत. त्याची सवय अशी की तो नेहमी वर चढतो. म्हणून मी लग्नपत्रिका वापरते, जाड असते ना, ती त्याच्यापुढे उभी धरायची, तो आपणहून चढतो, वरून स्टीलची वाटी आणि बाहेर कुंडीत. भरपूर असतील तर व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडात जुना पातळ मोजा घालून कडा बाहेर रबरबँडने बांधा, कमी स्पीडवर ओढा, मोज्यात जमतात, मशिन बंद करायच्या आधी तोंड चिमटीत धरून बाहेर नेऊन झटका. रात्री अजून सोपं, घरातले दिवे घालवून फक्त बाल्कनीतला लावा आणि जाळी सरकवून पंधरा मिनिटं थांबा, बरेचसे आपले आपण जातात. त्या पंधरा मिनिटांत डास आत येतात हे खरंय, मच्छरदाणी असेल तर बाळ आत ठेवा.

बाळाबद्दल. हे किडे डंख मारत नाहीत, क्वचित बारीकसा चिमटा काढतात. कपडे, लाकूड, धान्य काही खात नाहीत आणि घरात अंडी घालून वाढत बसत नाहीत. बाळाने एखादा तोंडात घातलाच तर चव इतकी कडू असते की बहुतेक स्वतःच थुंकेल, तोंड ओल्या फडक्याने पुसा. पुरळ किंवा सूज दिसली, श्वासाला त्रास वाटला तर मात्र थेट डॉक्टर. खरी भीती मला किड्याची नाही, घरगुती उपायांचीच वाटते. डांबर गोळ्या अजिबात नको, त्यांची वाफ लहान बाळांना घातक असते. मुंग्यांचा खडू म्हणजेही कीटकनाशकच आहे, रांगणारं मूल तेच बोट तोंडात घालणार. आणि कापूर! सासूबाईंनी प्रत्येक खिडकीत भीमसेनी कापराच्या वड्या ठेवल्या होत्या, वासाने किडे एक-दोन दिवस टळतात हे मान्य, पण कापूर उडून जातो आणि पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. ठेवायचाच तर पडद्याच्या दांडीला पुरचुंडी बांधून, खिडकीच्या चौकटीत नाही. लवंग, दालचिनी, तेजपान मी सगळं करून पाहिलं, घराला मसालेभाताचा वास आला, बाकी काही नाही.

एक शंका मात्र आधी दूर करा, ते नक्की ढालकिडेच आहेत ना. चकचकीत, गुळगुळीत पाठ असेल तर तेच. पाठ मळकट, बारीक लव असलेली आणि ठिपके खूप, २८ च्या आसपास, तर तो वांग्या-टोमॅटोची पानं खाणारा त्यांचाच भाऊबंद, तो पानाची नुसती जाळी करून ठेवतो. तो दिसला तर खुशाल उचलून साबणाच्या पाण्यात टाका.

आमच्याकडे यंदा रात्री दोन-तीन येतात, तेवढे चालतात. तुमच्या बाल्कनीत कुठली झाडं आहेत ते कमेंटमध्ये सांगा आणि जास्वंद असेल तर फोटो टाका, पान उलटं करून.