वाचकांचे प्रश्न : कंडरा रबरापेक्षा कडक, तरी स्प्रिंग कशी?

प्रश्न : धावताना टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) स्प्रिंगचे काम करते, असे वाचनात आले. रबर सहज दुप्पट ताणले जाते. ही कंडरा तर बोटांनी दाबून पाहिली तर दोरासारखी कडक लागते. मग ती स्थितिस्थापक कशी म्हणायची? आणि उतारवयात हाताच्या पाठीवरची त्वचा चिमटीत धरून सोडली, तर ती काही क्षण तशीच उभी का राहते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वस्तू किती ताणली जाते, यावरून तिची स्थितिस्थापकता ठरत नाही. ताण काढल्यावर ती मूळ आकाराला येते का आणि ताणताना खर्ची पडलेली ऊर्जा कितपत परत देते, हे पाहावे लागते. कंडरा त्यातील सुमारे नव्वद टक्के ऊर्जा परत देते. उरलेली उष्णतेच्या रूपाने जाते.

१९८७ साली इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ मॅक्नील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदाज मांडला, की ७० किलो वजनाचा माणूस सेकंदाला साडेचार मीटर वेगाने धावत असेल, तर प्रत्येक पावलागणिक टाचेच्या कंडरेत सुमारे ३५ ज्यूल ऊर्जा साठते. साठलेली ऊर्जा म्हणजे बल आणि लांबीतील वाढ यांच्या गुणाकाराच्या निम्मी. कंडरेवर त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट बल येत असल्यामुळे तिला जेमतेम दीड सेंटिमीटर ताणले जाणे पुरते. म्हणजे तिचा कडकपणा इथे आड येत नाही, उलट कामीच येतो.

हा कडकपणा कोलॅजन या प्रथिनाचा. त्याच्या रेणूत तीन साखळ्यांचा पीळ असतो. ही तिपेडी रचना उलगडण्यात मद्रासचे शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांचे १९५४-५५ मधील काम पायाभूत ठरले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. विसाव्याच्या स्थितीत कोलॅजनचे तंतू किंचित नागमोडी असतात. पहिल्या एक-दोन टक्के ताणात ही वळणे सरळ होतात, म्हणून सुरुवातीला कंडरा सहज लांबते. त्यानंतर रेणूंमधील बंधांनाच ताण सोसावा लागतो आणि ती एकदम ताठ होते.

रबराशी खरे नाते आहे ते इलॅस्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे. त्याचे रेणू पाण्यात भिजलेल्या अवस्थेत अस्ताव्यस्त पसरलेले असतात. ताणले की त्यांना रांगेत यावे लागते, त्यांच्या संभाव्य मांडण्या कमी होतात, म्हणजेच एन्ट्रॉपी घटते, आणि ताण सुटताच उष्णतेमुळे होणारी रेणूंची हालचाल त्यांना पुन्हा विस्कळीत करते. वाळलेले इलॅस्टिन मात्र ठिसूळ होते. भिजलेले इलॅस्टिन कोलॅजनच्या मानाने साधारण हजारपट मऊ असते. महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, भिंतीत दोन्ही असतात : हृदयाच्या ठोक्यासरशी इलॅस्टिन तिला फुगू देते आणि ती प्रमाणाबाहेर फुगू लागली, की सरळ झालेले कोलॅजन तिला आवरते.

त्वचेतही हीच जोडी आहे. परंतु इलॅस्टिन मुख्यतः वाढीच्या वयात तयार होते, पुढे त्याची भरपाई जवळजवळ होत नाही, आणि वर्षानुवर्षे पडलेले ऊन त्याचे जाळे बिघडवते. हाताची पाठ तर सदैव उघडी असते. शरीरातील पाणी कमी झाले तरीही चिमटी अशीच उभी राहते. त्यामुळे वृद्ध रुग्णाला शोष पडला आहे का हे तपासताना हाताच्या पाठीवर विसंबत नाहीत, छातीच्या मधल्या हाडावरची किंवा कपाळावरची त्वचा चिमटीत धरून पाहतात.